कर्नल साइक्स आणि आपला लांडगा

मुलांनो, विल्यम साइक्स १७९० साली इंग्लंडमध्ये जन्मले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. १८२४ पासून दख्खनभर फिरून त्यांनी माणसे, पिके, प्राणी यांची माहिती गोळा केली. १८३१ मध्ये आपला लांडगा व रानकुत्रा यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करताना लांडगा, कोळसून ही मराठी नावेही त्यांनी नोंदवली. १८७२ साली ते वारले.

लांडग्यांची जोडी सहसा वर्षानुवर्षे एकत्र राहते; नर-मादी दोघे एकाच जागी मूत्राच्या वासाची खूण करून हद्द राखतात, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. त्यासाठी मोकळे माळ हवेत, आणि ते आक्रसत आहेत. दम्माममधले आम्ही पालक सुचवतो : सुट्टीत गावी गेल्यावर आजोबांना विचारा, माळावर लांडगा शेवटचा कधी दिसला?