सव्वासात तासांचे अंतर

जे. आर. डी. टाटांचे नाव निघाले की मंडळी पोलाद आणि मोटारींविषयी बोलू लागतात. मला मात्र आधी आठवतो तो कराचीहून जुहूकडे निघालेला वैमानिक.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसमधला. आई सुझान फ्रेंच, वडील पारशी. बालपणीच्या सुट्ट्या गेल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आर्देलो गावी, आणि तिथे शेजारी कोण, तर 1909 साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ! पोराला विमानाचे वेड लागले नसते तरच नवल. फेब्रुवारी 1929 मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच.

आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावले. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनीअर हा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पी अडला होता, त्याला स्पार्क प्लग हवे होते. प्रतिस्पर्ध्याला जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे देऊन टाकले, आणि थोडक्या तासांनी शर्यत हरले. (हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.)

15 ऑक्टोबर 1932. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पुस मॉथ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान उडाले. आत पंचवीसेक किलो टपाल आणि एकटे जे. आर. डी. रेडिओ नाही, हवामानाची खबर नाही. होकायंत्र आणि खाली दिसेल ती जमीन, एवढाच आधार. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून! सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले विमान दुपारी दोनच्या आत जुहूला टेकले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. जुहूचा तळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सारा संसार पुण्याला हलवावा लागे.

कराची-मुंबई हे सरळ रेषेतले अंतर 880 किलोमीटरच्या आसपास, मुंबई-बंगळूरइतकेच म्हणा ना. ताशी 160 किलोमीटरने, अहमदाबादचा वळसा घेऊन, त्यांना सव्वासात तास लागले. जेटला दीड तास पुरतो. पण आज या दोन शहरांत थेट विमानसेवा नाही. दुबईवरून जायचे म्हटले तर तीन हजारांवर किलोमीटर होतात आणि मधल्या खोळंब्यासह वेळ जे. आर. डीं.च्या पुस मॉथइतका सहज जातो. यंत्रे वेगवान झाली. अंतर मात्र वाढले.

1948 च्या जूनमध्ये त्यांचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेले. 1953 मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांना ते रुचले नव्हते, तरी अध्यक्षपद त्यांनी निष्ठेने सांभाळले. 1978 मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. हा प्रकार मला आजही अशोभनीय वाटतो.

ते कुढत मात्र बसले नाहीत. 1962 मध्ये त्यांनी हीच वाट पुन्हा उडून दाखवली होती. 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, ते लेपर्ड मॉथ घेऊन पुन्हा कराचीहून निघाले आणि सायंकाळच्या आत जुहूच्या धावपट्टीवर हसतमुखाने उतरले.