फ्रेडरिक विन्स्लो टेलर : कामाचे मोजमाप

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
- टेलर यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल;
- निरीक्षण आणि कालाभ्यास या कार्यविश्लेषणाच्या पद्धती कशा विकसित झाल्या, हे स्पष्ट करता येईल;
- उत्पादकतेची वाढ आणि कामगाराचे हित यांच्या संबंधाची चर्चा करता येईल.

१. प्रास्ताविक

कोणत्याही कारखान्यात किंवा कार्यालयात माणूस नेमण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे हवी असतात. काम नेमके काय आहे? त्याचे टप्पे कोणते? ते किती वेळात पूर्ण व्हावे? त्यासाठी कोणती साधने आणि कोणत्या गुणांचा माणूस लागेल? या प्रश्नांचा पद्धतशीर शोध म्हणजे कार्यविश्लेषण. मनुष्यबळ व्यवस्थापनात भरती, प्रशिक्षण आणि वेतननिश्चिती या साऱ्यांचा पाया कार्यविश्लेषणाने घातला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र असा शोध घेण्याची पद्धत रूढ नव्हती. काम कसे करायचे हे कामगार वडीलधाऱ्यांकडून शिकत असे आणि किती करायचे हे मुकादमाच्या अंदाजावर ठरत असे. ही स्थिती बदलण्याचा ध्यास घेतलेल्या अभियंत्याचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

२. जन्म, शिक्षण आणि उमेदवारी

फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचा जन्म २० मार्च १८५६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागात झाला. घराणे सुखवस्तू होते. वडील वकील होते. आई गुलामगिरीविरोधी चळवळीची समर्थक होती. बालपणीची काही वर्षे त्यांनी युरोपात काढली. पुढे मुलाने वडिलांप्रमाणे वकील व्हावे अशी अपेक्षा होती. हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा ते उत्तम रीतीने उत्तीर्णही झाले. पण दृष्टिदोषाच्या त्रासामुळे तो मार्ग सोडावा लागला.

१८७४ साली हा सधन घरातील तरुण फिलाडेल्फियातील पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला. ओतकामाचे लाकडी नमुने तयार करणे आणि यंत्रे चालवणे ही कामे त्याने तेथे हातांनी शिकून घेतली. १८७८ मध्ये टेलर मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधे मजूर म्हणून लागले आणि काही वर्षांतच टोळीप्रमुख, फोरमन व मुख्य अभियंता अशा पायऱ्या चढत गेले. नोकरी सांभाळून, वर्गात नियमित न बसता, त्यांनी स्टीव्हन्स तंत्रज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि १८८३ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. दिवसभराच्या कामानंतर पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला त्या पदवीमागचे कष्ट वेगळे सांगावे लागणार नाहीत.

३. मिडव्हेल : प्रश्नाचा उगम

मिडव्हेलमध्ये टेलर यांना आढळले की कामगार जाणूनबुजून कमी काम करतात. याचे कारण केवळ आळस नव्हते, हेही त्यांनी ओळखले. तेथे नगावर मजुरी मिळत असे. कामगाराने जास्त नग काढले की मालक दर कमी करत असे. परिणामी जास्त राबूनही कमाई पूर्वीएवढीच राहत असे. म्हणून सर्वांनी मिळून कामाची एक मर्यादा पाळणे हे कामगारांच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते.

फोरमन झाल्यावर टेलर यांनी ही मर्यादा मोडण्याचा प्रयत्न केला. दोन-तीन वर्षे कटू संघर्ष चालला. उत्पादन वाढले, पण कालपर्यंतचे सोबती दुरावले. या अनुभवातून त्यांनी असा निष्कर्ष काढला की भांडणाचे मूळ अज्ञानात आहे. एका दिवसात वाजवी काम किती होऊ शकते, हे मालकाला ठाऊक नाही आणि कामगारालाही ते सिद्ध करता येत नाही. मग ते मोजूनच का पाहू नये? १८८१ च्या सुमारास त्यांनी मिडव्हेलमध्ये स्टॉपवॉचच्या साहाय्याने कामाचा अभ्यास सुरू केला.

४. कालाभ्यासाची पद्धत

टेलर यांच्या पद्धतीचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील : प्रथम एखाद्या कामात निष्णात असलेले दहा-पंधरा कामगार निवडावेत. ते करत असलेल्या कामाची लहान लहान क्रियांमध्ये विभागणी करावी. प्रत्येक क्रियेला लागणारा वेळ मोजून ती करण्याची सर्वांत जलद रीत शोधावी. निरुपयोगी आणि मंद हालचाली वगळाव्यात. उरलेल्या उत्तम हालचाली व योग्य हत्यारे एकत्र करून कामाची प्रमाणित रीत ठरवावी आणि ती सर्वांना शिकवावी.

निरीक्षण, विभागणी, मोजमाप आणि नोंद हा क्रम आजच्या कार्यविश्लेषणातही कायम आहे. धातू कापण्याच्या कामावर तर टेलर यांनी सुमारे २६ वर्षे प्रयोग केले. त्या ओघात मॉन्सेल व्हाइट या सहकाऱ्यासमवेत त्यांनी जलद कापणाऱ्या हत्यारांसाठी पोलादावर उष्णता देण्याची नवी प्रक्रिया शोधली. तिचे प्रात्यक्षिक १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजले.

५. बेथलहेम : लाद्या आणि फावडी

१८९८ ते १९०१ या काळात टेलर बेथलहेम पोलाद कंपनीत सल्लागार होते. तेथील दोन प्रयोग विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिला प्रयोग कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहण्याचा. सुमारे ४२ किलो वजनाची लादी उचलून फळीवरून रेल्वेच्या वाघिणीत टाकायची, एवढेच ते काम. प्रत्येक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन लोखंड भरत असे. टेलर यांच्या हिशेबानुसार हे प्रमाण साडेसत्तेचाळीस टनांपर्यंत जाऊ शकत होते. मात्र त्यासाठी मजुराच्या हातांवर दिवसाचा सुमारे ४३ टक्के वेळच ओझे असावे, उरलेला वेळ हात मोकळे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. विश्रांती हा कामाचाच भाग ठरला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. परंतु एवढे काम आठ मजुरांपैकी एखाद्यालाच झेपणारे होते, हे त्यांनी स्वतःच नमूद केले. या प्रयोगाची जी कथा टेलर सांगत, ती मूळ नोंदींशी पूर्णपणे जुळत नाही, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे.

दुसरा प्रयोग फावड्यांचा. मजूर आपापली फावडी आणत. एकाच फावड्याने हलका कोळसा उचलला तर दीड-दोन किलो येई, जड खनिज उचलले तर सतरा किलोंच्या आसपास. प्रयोगांती सुमारे साडेनऊ किलोंच्या ओझ्याला दिवसभरात सर्वाधिक माल हलतो, असे दिसून आले. तेव्हा कंपनीनेच जड मालासाठी लहान आणि हलक्या मालासाठी मोठी अशी वेगवेगळी फावडी पुरवली.

टेलर यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार, आवारात पूर्वी ४०० ते ६०० मजूर लागत. नंतर १४० पुरू लागले. प्रत्येकाचे दैनिक काम सरासरी १६ टनांवरून ५९ टनांवर गेले आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८८ डॉलरवर. म्हणजे काम साडेतीन पटींहून अधिक वाढले आणि मजुरी सुमारे ६३ टक्के. या आकड्यांकडे विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंनी पाहावे. हत्यार बदलल्याने श्रम वाया जाणे थांबले, हे खरे. पण वाढीचा वाटा कोणाला किती मिळाला आणि कमी केलेल्या मजुरांचे काय, हे प्रश्नही याच आकड्यांतून उभे राहतात.

६. कीर्ती आणि विरोध

१९०६ साली टेलर अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाच्या तत्त्वांवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. कामाचे शास्त्र विकसित करणे, कामगारांची शास्त्रीय निवड व प्रशिक्षण, व्यवस्थापन व कामगार यांचे सहकार्य आणि दोघांमध्ये जबाबदारीची विभागणी ही त्यातील चार प्रमुख तत्त्वे होत. मालक व कामगार यांनी वाटणीवरून न भांडता उत्पन्नच वाढवावे, यासाठी दोघांच्या मनोवृत्तीत क्रांती व्हायला हवी, असे त्यांचे मत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात, टेलर यांच्या पद्धतीनुसार काम करताना वेळ मोजून घेण्यास एका साचेकाराने नकार दिला. त्याला कामावरून काढताच इतर साचेकार बाहेर पडले. हातात घड्याळ घेऊन कोणी पाठीशी उभे राहणे त्यांना अपमानास्पद वाटले होते. अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली; जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांची साक्ष झाली. पुढे १९१५ साली लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉचच्या वापराला संसदेने मनाई केली. त्याच वर्षी २१ मार्च रोजी, वयाला एकोणसाठ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्यूमोनियाने टेलर यांचे निधन झाले.

७. मूल्यमापन

कामगाराच्या हातात आणि सवयीत दडलेले ज्ञान कागदावर आणता येते, हे टेलर यांनी दाखवून दिले. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने हालचालींच्या अभ्यासाने हे कार्य पुढे नेले. पण ज्ञान कागदावर आले की ते कोणाच्या ताब्यात जाते, हा प्रश्न टेलर यांनी पुरेसा विचारात घेतला नाही. विचार करणे नियोजन कक्षाकडे आणि हुकूम पाळणे कामगाराकडे, अशी विभागणी त्यांनी केली. साचेकारांना घड्याळापेक्षा हीच गोष्ट अधिक खटकली असावी.

आजच्या कार्यविश्लेषणात निरीक्षणाबरोबर मुलाखत, प्रश्नावली आणि कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेली कामाची दैनंदिनी या पद्धतीही वापरतात. या तिन्हींत काम करणारा माणूस स्वतः बोलतो. टेलर यांच्या पद्धतीत राहिलेली उणीव यामुळे काही अंशी भरून निघते. म्हणून कार्यविश्लेषण करताना वेळेची नोंद जितकी काटेकोर हवी, तितकेच त्या कर्मचाऱ्याचे म्हणणेही ऐकायला हवे.

८. सारांश

उमेदवार, मजूर, फोरमन आणि अभियंता अशा भूमिकांतून गेलेल्या टेलर यांनी अंदाजाच्या जागी मोजमाप आणले. त्यामुळे उत्पादकता वाढली आणि कार्यविश्लेषणाला शास्त्रीय बैठक मिळाली. वाढीची न्याय्य वाटणी आणि कामगाराचा सन्मान हे प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत सुटले नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मिडव्हेलमधील कामगार कामाची मर्यादा का पाळत होते?
२. फावड्यांच्या प्रयोगातील आकडेवारीचे मालक व मजूर या दोन्ही दृष्टींनी परीक्षण करा.
३. तुम्ही रोज करत असलेले एखादे काम निवडा. त्याचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ आणि साधने यांची आठवडाभर नोंद ठेवा. केवळ बाहेरून पाहणाऱ्याला त्यातील कोणती गोष्ट कळली नसती, ते लिहा.