कमी पैशांत वेग शोधणारा चॅपमन

धानोऱ्याहून मुरुमगावच्या दिशेने निघाले, की रस्त्याच्या दुतर्फा जंगल सुरू होते. अशा भागात जुनी गाडी बाळगणाऱ्याला इंजिनाचा एखादा भाग हवा असला, तर तो गावातच मिळेल याची खात्री नसते. गडचिरोलीची, प्रसंगी नागपूरची वाट धरावी लागते. खिशात पैसे मोजके आणि फेरी लांबची. त्यात गाडीचा जोर वाढवण्याची हौस असेल, तर प्रश्न अधिकच अवघड होतो. आधी घ्यायचे काय? मोठा कार्ब्युरेटर, नवे पिस्टन, की आणखी काही? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत हाच प्रश्न लंडनमधील एका विद्यार्थ्यापुढे उभा होता. त्याचे उत्तर शोधता शोधता तो मोटारशर्यतींच्या इतिहासातील एक थोर आणि तितकाच वादग्रस्त अभियंता ठरला. त्याचे नाव कॉलिन चॅपमन.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामशास्त्र शिकत होता. भार कोठून कोठे जातो आणि कोणता तुकडा विनाकारण जड आहे, हे पाहण्याची दृष्टी त्याला या अभ्यासाने दिली. शिकता शिकताच तो एका मित्रासह जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७ मध्ये खासगी गाड्यांचे पेट्रोल बंद झाले आणि हा धंदा कोसळला. गाड्या तोट्यात विकून टाकल्यावर एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी शिल्लक उरली. हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या घरामागील गॅरेजमध्ये त्याने ती सुटी केली आणि १९४८ मध्ये तिच्यातून नवी गाडी उभारली. हीच पहिली लोटस.

ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडमधील सामान्य माणसाची मोटार. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन अवघे ७४७ सीसीचे होते. ऐपत बेताची असलेल्या हौशी मंडळींसाठी ७५० मोटर क्लब या इंजिनाच्या गाड्यांच्या शर्यती भरवीत असे. इंजिन सर्वांचे एकच, मग पुढे जायचे कसे? चॅपमनने आधी इंजिन कोठे अडते ते शोधले. चार सिलिंडरांना हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत घेण्यासाठी दोनच वाटा होत्या, म्हणजे दोन शेजाऱ्यांत एक. त्यातही या शेजाऱ्यांची पाळी लागोपाठ येई. एकाचे ओढणे संपते न संपते तोच दुसऱ्याचे सुरू होई आणि एकाच्या वाट्याचे मिश्रण दुसरा पळवी. अशा इंजिनावर मोठा कार्ब्युरेटर चढवून फारसे साधणार नव्हते. अडचण पुढच्या अरुंद वाटेत होती. चॅपमनने प्रत्येक वाटेत पडदा घालून तिचे दोन भाग केले आणि चार फाट्यांचा मॅनिफोल्ड बनवला. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र श्वास मिळाला. १९५१ च्या हंगामात त्याच्या मार्क तीन गाडीपुढे कोणाचे चालेना. अखेर क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली.

१ जानेवारी १९५२ रोजी हेझलकडून घेतलेल्या २५ पौंडांवर लोटस कंपनी सुरू झाली. हॉर्न्सी भागात वडिलांच्या हॉटेलामागे जुना तबेला होता, तोच कारखाना. इंजिन निवडताना चॅपमनने मोठ्या नावाचा मोह धरला नाही. स्वस्त गाडीला फोर्डचे साधे ११७२ सीसीचे इंजिन त्याला पुरेसे वाटे. अधिक वेग हवा तेथे त्याने कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचे इंजिन घेतले. त्याचे मूळ अग्निशमनाच्या पंपात होते. माणसांना उचलून नेता यावा म्हणून तो पंप हलका केलेला होता आणि चॅपमनला नेमके तेच हवे होते. १९५७ ची लोटस सेव्हन तर सुट्या भागांच्या रूपात विकली जाई. घेणारा ती घरी जोडी आणि खरेदीकर वाचवी.

पुढे फोर्डने एक लाख पौंड दिले. लोटसमध्येच उमेदवारी केलेल्या दोघांच्या कॉसवर्थ कंपनीने त्यातून डीएफव्ही इंजिन घडवले. हे इंजिन गाडीच्या सांगाड्याचाच भाग होते; मागची चाके त्याच्याच आधाराने उभी राहत. ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्ट येथे जिम क्लार्कने ते पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवले. चॅपमनच्या हयातीत लोटसने फॉर्म्युला वनमध्ये बांधणीदारांचे विजेतेपद ७ वेळा मिळवले.

या यशाची दुसरी बाजू मात्र काळी आहे. वजन कमी करण्याचा ध्यास कधी कधी माणसाच्या जिवाशी येऊन भिडे. १९६९ मधील एका अपघातानंतर चालक योखेन रिंटने चॅपमनला पत्र लिहिले आणि थोडे वजन वाढले तरी चालेल, पण नाजूक भाग भक्कम करावेत, अशी विनंती केली. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सराव करताना रिंटचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे तपासात दिसून आले. कडेचा लोखंडी कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद रिंटला मरणोत्तर मिळाले.

चॅपमनचा शेवटही निष्कलंक राहिला नाही. डीलोरियन मोटार कंपनीच्या निधीच्या अपहारात त्याचे नाव गुंतले. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्यामुळे त्याला कधीच न्यायालयापुढे उभे राहावे लागले नाही. लोटसच्या माजी वित्तप्रमुखाला मात्र पुढे या प्रकरणी तुरुंगवास झाला.

जुन्या गाडीवर मोजका पैसा खर्च करू पाहणाऱ्याने या आयुष्यातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. दुकानाची पायरी चढण्याआधी इंजिनाचा श्वास कोठे कोंडतो ते पाहावे आणि पहिला रुपया तेथेच घालावा. गाडीवरचे अनावश्यक ओझे उतरवावे; त्याला तर पैसेही लागत नाहीत. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांचे सांधे या हिशेबात कधीच धरू नयेत. तेथे वाचवलेल्या पैशाची किंमत चॅपमनच्या गाडीत दुसऱ्याने मोजली होती.