न्यू जर्सीच्या हायवेवर जिच्या नावाच्या थांब्यावर गाड्या थांबतात, तिला तिथल्याच एका शाळेने डावललं होतं

न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब. भारतातून आई-बाबा आलेले, आणि त्यांना वॉशिंग्टन दाखवायला गाडी निघालेली. एडिसन सोडलं की न्यू जर्सी टर्नपाईक हा टोलचा हायवे लागतो. तास-सव्वा तासाने कुणाला कॉफी हवी असते, कुणाला वॉशरूम. तेवढ्यात डेलावेअर राज्यात शिरण्याआधीचा शेवटचा थांबा येतो.

बोर्डावर नाव असतं, क्लारा बार्टन.

1951 साली सुरू झालेल्या या हायवेची एक गंमत आहे. इथल्या थांब्यांना न्यू जर्सीशी नातं असलेल्या माणसांची नावं दिली आहेत. थॉमस एडिसन आहे, कवी वॉल्ट व्हिटमन आहे, फुटबॉलचा कोच विन्स लोम्बार्डी आहे. लोक पेट्रोल भरतात, बर्गर खातात आणि पुढे निघतात. बोर्डावरचा माणूस कोण होता, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

तर ही क्लारा बार्टन कोण?

जन्म 25 डिसेंबर 1821, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ऑक्सफर्ड गावचा. पाच भावंडांत सगळ्यात धाकटी आणि प्रचंड लाजाळू. ती 11 वर्षांची असताना मोठा भाऊ डेव्हिड गोठ्याच्या छपरावरून पडला. पुढची जवळपास दोन वर्षं तिने त्याची शुश्रूषा केली. वयाच्या 17 व्या वर्षी ती शिक्षिका झाली.

1852 मध्ये ती न्यू जर्सीतल्या बॉर्डेनटाऊनला आली. गावातली गरिबांची पोरं रस्त्यावर फिरताना दिसली, कारण शाळेची फी परवडत नव्हती. क्लाराने गावकऱ्यांसमोर प्रस्ताव ठेवला, शाळा फुकट ठेवा, सुरुवातीला मीही पगार घेणार नाही.

पहिल्या दिवशी सहा मुलं आली. बघता बघता आकडा शेकड्यांत गेला आणि गावाने नवी मोठी इमारत बांधली.

आता मुख्याध्यापक क्लाराच होणार असं कुणालाही वाटेल. पण एवढी मोठी शाळा बाईच्या हाती कशी द्यायची, असा प्रश्न गावाला पडला. बाहेरून एक पुरुष आणला आणि त्याला तिच्यापेक्षा कितीतरी जास्त पगार दिला. शाळा उभी करणारी बाई त्याच्या हाताखाली. तिची तब्येत ढासळली, आवाज बसला. 1854 मध्ये तिने गाव सोडलं.

वॉशिंग्टनला पेटंट ऑफिसात तिला कारकुनाची नोकरी मिळाली, तीही पुरुषांइतक्या पगारावर. त्या काळात हे अजबच होतं. सहकाऱ्यांनी टोमणे मारून जीव नकोसा केला. वरिष्ठांना सरकारी कचेरीत बायका नकोच होत्या. पुढे तिला खाली उतरवून नकला करायला बसवलं आणि शब्द मोजून पैसे दिले.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. जखमी सैनिकांची एक तुकडी वॉशिंग्टनला आली, त्यात तिच्या ओळखीची पोरं निघाली. तिने घरातलं सामान उचललं आणि थेट त्यांच्याकडे गेली. मग अन्न, कपडे, मलमपट्ट्या गोळा करायचा सपाटाच लावला. पण खरी मदत रणांगणावर हवी होती, आणि तिथे जायची परवानगी मिळायला 1862 उजाडलं.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला अँटिटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 23,000 सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. क्लारा सामानाच्या गाड्या घेऊन पोहोचली, तेव्हा डॉक्टरांकडे पट्ट्याही उरल्या नव्हत्या. ती एका जखमीला सावरत असताना गोळी तिच्या बाहीतून आरपार गेली. ती वाचली, तो सैनिक गेला.

युद्ध संपलं, पण हजारो घरांत एकच प्रश्न होता, आमचा मुलगा कुठे आहे?

क्लाराने बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारं ऑफिस उघडलं. 63,000 हून जास्त पत्रं आली. याद्या छापून, साक्षी जुळवून 22,000 सैनिकांचं काय झालं हे घरच्यांना कळवलं गेलं. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैदी छावणीत मेलेल्या सुमारे 13,000 जणांच्या कबरींवर नावं लावण्याच्या कामातही ती होती.

मग थकून ती युरोपला गेली आणि तिथे तिला रेडक्रॉस समजली. परत येऊन तिने अमेरिकेतही अशी संघटना हवी म्हणून पाठपुरावा सुरू केला. आता पुन्हा असं युद्ध होणारच नाही, असं नेत्यांना वाटत होतं. यावर तिचा मुद्दा साधा होता. युद्ध नसेल, पण पूर, आग, वादळं तर येणारच ना?

21 मे 1881 रोजी अमेरिकन रेडक्रॉस स्थापन झाली आणि ती पहिली अध्यक्ष झाली, वयाच्या 59 व्या वर्षी. 1889 मध्ये जॉन्सटाऊनच्या पुरात 2,200 हून जास्त माणसं गेली, तेव्हा ती पाच महिने तिथे तळ ठोकून होती. 1900 मध्ये गॅल्व्हेस्टनच्या वादळानंतर ती धावून गेली, तेव्हा वय होतं 78.

सगळं गोड नव्हतं. ती कारभार एकहाती चालवते, हिशोब नीट ठेवत नाही, असे आरोप संघटनेतूनच झाले. 1904 मध्ये तिला राजीनामा द्यावा लागला. 12 एप्रिल 1912 रोजी मेरीलँडमधल्या ग्लेन एको इथल्या राहत्या घरी ती गेली.

बॉर्डेनटाऊनमध्ये ती शिकवायची ती छोटीशी विटांची शाळा आजही उभी आहे, आणि टर्नपाईकला त्या गावाचं एक्झिटही आहे. तिथून दक्षिणेला 70-80 किलोमीटरवर तिच्या नावाचा थांबा लागतो. ज्या पुरुषाला तिच्या डोक्यावर बसवलं, त्याचं नाव मात्र कुठल्याही थांब्यावर नाही.

पुढच्या वेळी तिथे कॉफी घ्यायला उतरलात, तर बोर्डाकडे एकदा बघा आणि सोबतच्या पोरांना ही गोष्ट नक्की सांगा.