फिलिप स्मिथ : सगळं गणित एका वर्तुळात

फिलिप हेगर स्मिथ यांचा जन्म १९०५ साली अमेरिकेतल्या लेक्झिंग्टन गावी झाला. तरुणपणापासून त्यांना हौशी रेडिओचा नाद. १९२८ मध्ये टफ्ट्स कॉलेजातून पदवी घेऊन ते बेल टेलिफोन प्रयोगशाळेत लागले. तिथे काम अँटेनाचं.

अँटेना आणि तिला जोडलेली केबल यांचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत लहरीला होणारा विरोध, जुळला नाही तर पाठवलेली काही ऊर्जा परत फिरते. तो जुळवायची सूत्रं फार किचकट. स्मिथ यांनी तेच गणित आलेखावर मांडलं. पहिला आलेख चौकोनी होता, पण मोठ्या किमती कागदाबाहेर जायच्या. मग त्यांनी शून्यापासून अनंतापर्यंतच्या किमती चक्क एका वर्तुळात बसवल्या! बिंदू मधोमध आला की जुळणी झाली. केबलवर अर्धी तरंगलांबी सरकलं की वर्तुळाची एक फेरी पूर्ण.

जानेवारी १९३९ मध्ये हा 'स्मिथ चार्ट' 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात छापून आला. १९८७ मध्ये स्मिथ वारले. आज आकडेमोड संगणक करतो, तरी मोजणी यंत्राच्या पडद्यावर हेच वर्तुळ दिसतं.

स्मिथ यांना सूत्रं येत होती, तरीही त्यांनी चित्र काढलं. म्हणून मूल गणितात अडलं, की त्याच्या हाती आधी आलेखाचा कागद देऊया.