अल्लादिया खाँ : आवाज गेला, तरी गाणं घडवणारा गवई

कार्यक्रमाआधी गायकानं काय प्यावं? कोमट पाणी, ज्येष्ठमधाचा काढा, आल्याचा रस आणि मध... सल्ले देणारे भरपूर भेटतात. पण आवाज कशानं बिघडतो, हे समजून घ्यायचं असेल तर जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँ यांचं आयुष्य बघायला हवं.

त्यांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातल्या उणियारा गावचा. वडील लवकर गेले. मग काका जहांगीर खाँ यांनी त्यांना धृपद आणि ख्यालाची वर्षानुवर्षं तालीम दिली. तरुण वयात खाँसाहेब दरबारांमधून गाऊ लागले.

आमलेटा इथल्या दरबारात घात झाला. तिथल्या राजाला गाण्याचं भारी वेड. दिवसचे दिवस, तासन् तास मैफली चालायच्या. गळ्याला विश्रांती मिळाली नाही आणि एक दिवस आवाज बसला. बराच काळ त्यांना गाताच येईना. पुढे आवाज परतला, पण पहिल्यासारखा गोडवा त्यात राहिला नाही.

गवयासाठी याहून मोठं संकट कुठलं? पण खाँसाहेबांनी गाणं सोडलं नाही. असलेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी बांधली. लयीशी बांधलेली आलापी, वळणावळणाच्या ताना, अनवट आणि जोडराग ही तिची ओळख ठरली.

१८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला आले. १९२२ साली महाराजांचं निधन झालं, त्यानंतर ते मुंबईला गेले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचेच शिष्य. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली. खाँसाहेब स्वतः १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत वारले.

आता पुन्हा पिण्याच्या प्रश्नाकडे. आपण प्यायलेलं पाणी अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर, त्यामुळे कुठलाही घोट त्यांना थेट लागत नाही. शरीरात पुरेसं पाणी असेल, तरच ते ओलसर राहतात. म्हणून गायकानं मंचावर जाण्याआधी घटाघटा पिण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं पाणी प्यावं. कोमट पाण्यानं घशाला बरं वाटतं. दारू मात्र टाळावी.

गाताना स्वरतंतू सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात. ताण वाढला की ते सुजतात, कधी त्यांच्यावर गाठीही येतात. अशा वेळी काढ्यापेक्षा विश्रांती महत्त्वाची. घसा दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

खाँसाहेबांच्या तरुणपणी असे डॉक्टर सहज मिळत नव्हते आणि राजाला नाही म्हणायचीही सोय नव्हती. आजच्या गायकाला दोन्ही शक्य आहे.