अहिल्याबाई, महेश्वर आणि आजीची गोधडी

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

विषय सुचला हॉस्टेलच्या खोलीवरून. पडदा फुलाफुलांचा, रूममेटची चादर मोठ्या चौकड्यांची आणि माझ्या पलंगावर लातूरच्या आजीने शिवलेली गोधडी. तिच्यात किमान दहा लुगड्यांचे तुकडे असतील. फर्स्ट इयरला मला तिची लाज वाटायची. कुणी येणार असलं की मी ती उलटी टाकायचे. मग टेक्स्टाइलच्या सेमिनारला महेश्वरी साडी हा टॉपिक आला. सेमिनार साडीवर होता, पण मी अडकले अहिल्याबाईंमध्ये.

त्यांचा जन्म १७२५ चा, चौंडीचा. म्हणजे आपल्या बीडला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातला. वडील माणकोजी शिंदे. लहानपणीच त्या मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला. त्या सती जायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी अडवलं. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये एकुलता एक मुलगा मालेरावही. आपल्याला एक बॅकलॉग राहिला तरी आठ दिवस जेवण जात नाही! या बाईंनी राज्याचा कारभार हाती घेतला आणि नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली.

औंढा नागनाथ, परळी, वेरूळ इथल्या देवळांच्या कामामुळे त्या आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. कापडाचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी बाहेरून विणकर आणून महेश्वरला वसवले. पाहुण्यांना, आप्तांना द्यायची लुगडी गावातच विणली जाऊ लागली. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर जी नक्षी होती तीच काठावर उतरली : चटई, वीट, हिरा, चमेलीचं फूल.

आता थोडं टेक्निकल. महेश्वरीचं अंग साधं किंवा बारीक चौकडीचं असतं आणि नक्षी काठावर. पदराला पाच पट्टे, तीन रंगीत, दोन पांढरे, एकाआड एक. म्हणजे भरगच्च नक्षीशेजारी मोकळी जागा ठेवली की डोळ्याला त्रास होत नाही. हे वाचलं आणि मी गोधडी सरळ करून पाहिली. खणाच्या बारीक नक्षीला लागून इरकलीचं साधं अंग, दोन फुलाफुलांच्या तुकड्यांमध्ये एक सपाट तुकडा आणि चारी बाजूंनी एकाच लाल कापडाची पट्टी. आजी चौथी शिकलेली. आमच्या खोलीत गोंधळ होता तो पडद्याचा आणि चादरीचा. दोन्ही सारख्याच मोठ्या डिझाइनचे, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही.

पण मला खरं लागलं ते पुढेच. नवरा गेल्यापासून अहिल्याबाईंनी रंगीत वस्त्र नेसलं नाही. १७५४ ते १७९५, शेवटपर्यंत. गावातल्या मागांवर रंग विणले जात होते ते दुसऱ्यांसाठी. १७९१ मध्ये जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आई राज्य चालवत होती, तरी तिला थांबवू शकली नाही. हे सेमिनारमध्ये सांगताना माझा आवाज बसला. सरांना वाटलं, तयारी नाही.

माग नंतर मोडकळीस आले होते. १९७८-७९ च्या सुमारास रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढून ते पुन्हा उभे केले. आज त्या कापडाचे पडदे आणि उशांचे अभ्रेसुद्धा होतात.

आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून आजी पांढरट, फिक्या साड्याच नेसते. कुणी सांगितलं नव्हतं तिला, आणि कुणी नको असंही म्हटलं नाही. मी पण नाही. दिवाळीला मी हिरव्या काठाचा महेश्वरीचा तुकडा नेला, गोधडीसाठी म्हणून. तिने तो आधी खांद्यावर टाकून आरशात पाहिला. मग कात्री मागितली. मी म्हणाले, सापडत नाहीये.